चार तास लिहिलेत, मिळतात किती?

वाचकांचे प्रश्न : डायलिसिस

डायलिसिसवर आलेल्या पत्रांत ‘नवीन मशीन कुठे आलंय?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. नव्या मशीनबद्दल (एचडीएफ) शेवटाकडे लिहिलं आहे, कारण त्याआधी तपासून घ्यायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसे पडत नाहीत. उत्तरं मूत्रपिंडविकाराचे डॉक्टर, डायलिसिस टेक्निशियन आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. औषध किंवा मशीनवरचा आकडा बदलायचा असेल तर तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, साडेतीन तास होतं. क्रिएटिनिन ९ वरून ४ वर येतं, म्हणजे बरं चाललंय असं सगळे म्हणतात. पण भूक नाही, रात्री झोप नाही, अंगाला खाज सुटते. डायलिसिस नीट होतंय का, हे आम्ही कसं ओळखायचं? — एक वाचक, सिडको

क्रिएटिनिनवरून ते ठरवत नाहीत. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. माणूस खंगत चालला की ते आपोआप कमी दिसतं आणि घरच्यांना सुधारणा झाल्यासारखं वाटतं. पाहायचा तो युरिया, एकाच दिवशी डायलिसिसच्या आधी आणि नंतर. समजा आधी १४० होता आणि नंतर ४२ झाला, म्हणजे ९८ ने उतरला. ९८ ला १४० ने भागलं की ७० टक्के येतात. याला यूआरआर म्हणतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याला तो किमान ६५ टक्के हवा, ७० असेल तर उत्तम. याच आकड्यांत वजन, काढलेलं पाणी आणि लागलेला वेळ धरून डॉक्टर ‘केटी बाय व्ही’ काढतात. तिथे किमान १.२ आणि उद्दिष्ट १.४. ही तपासणी महिन्यातून एकदा व्हावी.

नमुना कसा घेतला यावर मात्र सगळं अवलंबून आहे. पहिला नमुना सलाइन किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) अंगात जाण्याआधी घ्यायचा. शेवटच्या नमुन्यासाठी रक्ताच्या पंपाचा वेग मिनिटाला १०० मिलिलिटरवर आणून पंधरा सेकंद थांबायचं आणि आर्टेरियल लाइनमधून, म्हणजे अंगातून मशीनकडे रक्त नेणाऱ्या नळीतून, रक्त घ्यायचं. घाईत भलत्याच जागेवरून घेतलं, तर नुकतंच धुऊन आलेलं रक्त नमुन्यात येतं आणि कागदावर ८० टक्के झळकतात. फार सुंदर रिपोर्ट आला तर आनंद मानण्याआधी नमुना कुठून घेतला, ते विचारा.

आता तुमच्या सासऱ्यांचं. वर दिलेले ६५ टक्के आणि १.२ हे आकडे आठवड्यातून तीन बैठकांसाठी आहेत. दोनच बैठका असतील तर तेवढ्याने भागत नाही. उरलेलं काम स्वतःच्या किडनीने करायला हवं. म्हणून पहिला प्रश्न : त्यांना लघवी किती होते? चोवीस तासांची लघवी एका भांड्यात जमा करून मोजा. सकाळची पहिली सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली धरायची. त्याच लघवीतला युरिया तपासून किडनी अजून किती काम करते हे डॉक्टर काढू शकतात. दिवसाला निदान अर्धा-पाऊण लिटर लघवी आणि त्यातून पुरेसा युरिया जात असेल, तर दोन बैठका काही काळ चालून जातात. लघवी पेलाभरच होत असेल, तर दोन बैठका कमी पडतात. मशीन कोणतंही असो. भूक जाणं, झोप न लागणं आणि खाज ही तिन्ही लक्षणं अपुऱ्या डायलिसिसमध्ये दिसतात. खाजेसाठी फॉस्फरसही तपासून घ्या.

साडेतीन तासांचा हिशेबही करून पाहा. दर वेळी अर्धा तास कमी, वर्षाला १०४ बैठका, म्हणजे ५२ तास. चार तासांच्या तेरा बैठका बुडाल्या. शिवाय हे साडेतीन तास कागदावरचे. प्रत्यक्षात सुई लागेपर्यंत, अलार्म वाजून पंप थांबेपर्यंत आणि ‘पुढचा पेशंट आलाय’ म्हणून दहा मिनिटं आधी सोडेपर्यंत आणखी गळती होते. रक्ताच्या वेगाचंही तसंच. मिनिटाला २०० मिलिलिटर वेगाने साडेतीन तासांत ४२ लिटर रक्त डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून, फिरतं. ३०० च्या वेगाने चार तासांत ७२ लिटर. दोन्हीला आपण ‘एक डायलिसिस’च म्हणतो.

वेग का वाढवत नाहीत, तेही विचारा. कधी सुई १७ नंबरची, म्हणजे बारीक असते. तिच्यातून २०० ते २५० च्या वर रक्त ओढलं, की आर्टेरियल प्रेशर उणे २५० च्या पलीकडे जातं. मशीन ३०० दाखवतं, पण तेवढं रक्त प्रत्यक्षात येत नाही. १६ किंवा १५ नंबरची सुई हा त्यावर उपाय, फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेली जागा) तेवढा तयार असेल तर. कधी दोन सुया फार जवळ टोचलेल्या असतात किंवा लाइन उलट लागते. मग धुतलेलंच रक्त पुन्हा मशीनमध्ये फिरतं आणि घाण अंगातच राहते. सुयांच्या टोकांत निदान पाच सेंटिमीटर अंतर हवं.

बैठकीच्या कागदाचा दर वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सुरू-बंद झाल्याची खरी वेळ, पंपाचा वेग, दोन्ही प्रेशर आणि आधीचं-नंतरचं वजन त्यात असतं. महिन्याच्या भेटीला डॉक्टरांसमोर ते आठ-नऊ फोटो ठेवले, की बोलणं नेमकं होतं.

आईचं ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) ४५ किलो आहे. दर वेळी चार किलो वाढून येते. तिसऱ्या तासाला बीपी पडतं, पायात गोळे येतात, मग सलाइन देतात आणि डायलिसिस अर्ध्यावर बंद करतात. मशीनमध्ये दोष असेल का? — एक वाचक, सिन्नर

मशीनला बोल लावण्याआधी हा गुणाकार करा. पाणी काढण्याचा वेग तासाला, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरच्या आत ठेवावा. १० च्या आसपास असेल तर अधिक बरं. ४५ गुणिले १३ गुणिले ४ तास, म्हणजे २३४० मिलिलिटर. तुमच्या आईच्या अंगातून एका बैठकीत सुरक्षितपणे निघेल असं पाणी सव्वादोन लिटरच्या आसपास आहे आणि तुम्ही चार लिटर काढायला सांगता. तो वेग २२ वर जातो. रक्तातलं पाणी मशीन ओढतं. सुजेतलं पाणी रक्तात यायला मात्र वेळ लागतो. मध्ये रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात आणि बीपी कोसळतं. असं वारंवार झालं तर हृदयालाही इजा होते. त्यावर सलाइन दिलं की काढलेलं पाणी आणि मीठ परत आत गेलं. रात्री पुन्हा तहान.

तहान पाण्याने लागत नाही, मिठाने लागते. अंगात नऊ ग्रॅम मीठ गेलं, की शरीर ते पातळ करायला साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. म्हणून ‘पाणी कमी पी’ असं आईला दिवसभर बजावण्यात अर्थ नाही. तिच्या ताटातलं मीठ मोजा. दिवसाला एकूण पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाही पुरता नाही. स्वयंपाकासाठी आईचं रोजचं अर्धा चमचा मीठ सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवा आणि तिची भाजी-आमटी त्यातच करा. उरलेलं मीठ पाव, बिस्किटांतून नकळत जातंच. पापड, लोणचं, ठेचा, शेव-चिवडा, फरसाण बंद. मिसळीबद्दल नाशिककराला सांगणं जिवावर येतं, पण तर्री, फरसाण, पापड आणि पाव असं चारही बाजूंनी मीठ येणारा दुसरा पदार्थ शोधून सापडणार नाही. घरी मटकीची उसळ बिनतर्रीची करून, वर लिंबू आणि भरपूर कच्चा कांदा घालून द्या. कांद्यात पोटॅशियमही कमी असतं.

सैंधव चालेल का, हे हमखास विचारलं जातं. त्यातही सोडियमच आहे. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ तर घरातच नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, ते डायलिसिसच्या माणसाचं हृदय बंद पाडू शकतं.

पाण्याचं माप : दिवसभरात होणारी लघवी अधिक अर्धा लिटर. चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचा घोट सगळं यात आलं. सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. आईने कपभर चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका. संध्याकाळी बाटली बोलते, तुम्हाला बोलावं लागत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. वाढलेल्या साखरेनेही तहान लागते.

केंद्रात विचारायच्या गोष्टी अशा. ड्राय वेट शेवटचं कधी ठरवलं? आई मधल्या काळात चांगलं जेवू लागली असेल तर तिचं खरं वजन ४६-४७ झालं असेल आणि मशीन सुजेऐवजी रक्तातलंच पाणी काढत असेल. उलट, आजारपणात वजन उतरलं असेल तर जुनं ड्राय वेट ठेवल्याने पाणी अंगातच राहतं. बीपीची सकाळची गोळी डायलिसिसच्या दिवशी नंतर घ्यायची का? डायलायझेटचं, म्हणजे डायलायझरमध्ये रक्ताच्या शेजारून वाहणाऱ्या द्रवाचं, सोडियम १४० च्या वर लावलं आहे का? ते जास्त ठेवलं की बैठक सुरळीत जाते, पण पेशंट तहानेला घरी जातो. डायलायझेटचं तापमान ३६ वर आणून पाहता येईल का? गारव्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि काहींचं बीपी टिकतं. थंडी मात्र वाजते, पांघरूण न्या. खुर्चीवर बसून पोटभर जेवण नको, रक्त पोटाकडे वळतं.

आणि तोवर? चार लिटर एकदाच ओढण्यापेक्षा वेळ पाच तास करा किंवा त्या आठवड्यात एक जादा बैठक घ्या. बीपी पडलंच तर आधी पाणी काढणं थांबवायचं, डोकं खाली-पाय वर करायचे, मग लागलं तर १०० ते २०० मिलिलिटर सलाइन. बीपी सावरल्यावर वेळ पुरी करायची. पाणी न काढताही रक्त धुतलं जातं, हे अर्ध्यावर सोडताना विसरलं जातं.

आमची बाग आहे. द्राक्षं पूर्ण बंद सांगितलीत, खरंच एकही नाही? — एक बागाईतदार, पिंपळगाव बसवंत

एक नाही, दहा-बारा चालतील. पोटॅशियम आटोक्यात असेल आणि त्या दिवशी दुसरं फळ नसेल तर. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १९० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. फळांत हे मध्यम म्हणायचं. मोसमात घोळ होतो तो मणी मोजले जात नाहीत म्हणून. बागेत चालता चालता अर्धा किलो सहज पोटात जातात. बेदाणे मात्र नाहीतच. पाणी उडालं की पोटॅशियम उरतं, १०० ग्रॅम बेदाण्यांत ते ७०० च्या पुढे जातं. शहाळ्याचं पाणी, केळं, बटाट्याचा रस्सा, टोमॅटोचं सार हेही तसंच जड. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, थोडंसुद्धा नको. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते. डायलिसिसच्या माणसाला त्याने सतत उचकी, भ्रम, झटके येतात, जीवही जातो.

भाज्या बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात उकडा, तेही टाका आणि मग फोडणी द्या. प्रेशर कुकरमध्ये पाण्यासकट शिजवलं तर काहीच गेलं नाही. साखर एकदम उतरली तर फळांचा रस देऊ नका, पाण्यात साखर किंवा ग्लुकोज द्या. पोटॅशियम वाढून पाय जड पडले, हातपाय लुळे वाटले, नाडी मंदावली तर पुढच्या पाळीची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि ईसीजी काढायला सांगा. हे सर्वांत जास्त घडतं ते दोन बैठकांमधल्या मोठ्या खंडानंतर.

प्रोटीन मात्र कमी करू नका. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डाळ-अंडी कमी करायला सांगितलेलं असतं. तोच नियम लोक पुढे चालवतात आणि खंगतात. डायलिसिसवर दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. अंड्याचा पांढरा भाग सर्वांत सोयीचा, फॉस्फरस नगण्य. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर तिला पकडायला फॉस्फरसच नसतो.

फिस्टुला करून नऊ आठवडे झाले, पण अजून मानेच्या नळीवरच डायलिसिस होतं. ‘अजून पिकला नाही’ म्हणतात. किती थांबायचं? — एक वाचक, ओझर

आता थांबायचं नाही, डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यायची. सहाचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे : सहा आठवड्यांनी शीर सहा मिलिमीटर रुंद, त्वचेखाली सहा मिलिमीटरपेक्षा खोल नाही आणि रक्ताचा प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटर. नऊ आठवड्यांनीही हे नसेल तर काहीतरी अडलं आहे. बहुतेकदा जोडाच्या जवळच शीर अरुंद झालेली असते. फुग्याने ती रुंद करता येते. कधी एखादी बाजूची फांदी रक्त पळवते, ती बांधावी लागते. कधी शीर चांगली असते पण चरबीखाली खोल, ती वर आणावी लागते. चेंडू दाबण्याचा व्यायाम करा. पण अरुंद झालेली शीर त्याने उघडत नाही.

घरी रोज सकाळी बोटं ठेवून पाहा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण लागायला हवी, तिला थ्रिल म्हणतात. गुणगुणीऐवजी नाडीसारखे ठोके लागत असतील तर पुढे अडथळा आहे. हात डोक्यावर उंच धरला की फुगलेली शीर बसायला हवी; फुगलेलीच राहिली, तरी तेच. थ्रिल अचानक थांबली तर गुठळी झाली समजा आणि त्याच दिवशी जा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत बऱ्याचदा फिस्टुला वाचवता येतो. त्या हातात बीपी नाही, रक्त काढणं नाही, बांगडी-घड्याळ घट्ट नाही, डोक्याखाली घेऊन झोपणं नाही.

सुई लावायला सुरुवात झाली की पहिले काही दिवस १७ नंबर आणि २०० चा वेग, मग हळूहळू वर. दर वेळी जुन्या छिद्रापासून अर्धा-एक सेंटिमीटर सरकून, शिडीच्या पायऱ्यांसारखं टोचत जायचं. ‘इथे दुखत नाही, इथेच टोचा’ हा पेशंटचाच हट्ट असतो. दुखत नाही कारण तिथली कातडी मेलेली, पातळ झालेली असते. तीच पुढे फुगते, चकाकते आणि एखाद्या रात्री फुटते. तसं झालंच तर टॉवेल गुंडाळू नका. टॉवेल रक्त पितो, थांबवत नाही. थेट छिद्रावर बोट किंवा बाटलीच्या झाकणाची पोकळ बाजू घट्ट दाबा, हात उंच धरा, १०८ ला फोन करा आणि मध्ये उचलून पाहू नका.

मानेची नळी असेपर्यंत एकच लक्षात ठेवा : डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप आला, तर तो नळीचा संसर्ग धरून चालायचं. पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नये; आधी रक्ताचं कल्चर, लगेच अँटिबायोटिक. नळी जोडताना-काढताना पेशंटने आणि सिस्टरने, दोघांनीही मास्क लावायचा. अंघोळीचं पाणी नळीला लागू द्यायचं नाही, आणि त्या नळीतून दुसरं कुणी सलाइन चढवू लागलं तर स्पष्ट नाही म्हणायचं.

आरओ बसवलेला आहे, टीडीएस दहाच्या आत आहे असं केंद्रात सांगतात. एवढं पुरे का? — निवृत्त अभियंता, नाशिक रोड

पुरे नाही. टीडीएस मीटर क्षार मोजतो. क्लोरामिन (पाणी निर्जंतुक करताना त्यात राहणारं क्लोरीनचं संयुग), जिवाणू आणि जिवाणूंचं विष त्याला दिसत नाही.

एका बैठकीत मिनिटाला ५०० मिलिलिटर डायलायझेट, चार तासांत १२० लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं. मध्ये केसाहून पातळ पडदा. पिण्याच्या पाण्यात चालणारी वस्तू इथे चालत नाही. पाण्याची वाट साधारण अशी : वाळूचा फिल्टर, सॉफ्टनर, कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक, पाच मायक्रॉनचा कार्ट्रिज, मग आरओ आणि तिथून मशीनपर्यंत फिरणारी पाइपची लूप.

कळीची जागा कार्बन. क्लोरामिन आरओच्या पडद्यातून आरपार जातं. अडवतो तो कार्बनच. गंगापूर धरणाचं पाणी पावसाळ्यात गढूळ झालं, की क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते आणि उन्हाळ्यात पुरणारा कार्बन जुलैत संपतो. म्हणून एकूण क्लोरीनची चाचणी रोज प्रत्येक पाळीच्या आधी, यंत्रणा पंधरा मिनिटं चालवून, दोन कार्बन टाक्यांच्या मधून नमुना घेऊन करायची. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. पहिली टाकी पास झाली नाही तर दुसरीवर काम चालतं, पण लगेच बदलायची सोय हवी. चुकलं तर तांबड्या पेशी फुटतात. ट्यूबमधलं रक्त लाल वाइनसारखं पारदर्शक दिसतं, छातीत दुखतं, धाप लागते. कमी प्रमाणात झालं तर एवढं नाट्य नसतं. एका केंद्रातल्या अनेक पेशंटचं हिमोग्लोबिन एकाच महिन्यात उतरतं आणि सगळे हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या इंजेक्शनच्या कंपनीला दोष देतात.

सॉफ्टनरचं मीठ संपलं आणि बोअरचं जड पाणी आलं तर आरओवर ताण पडतो. त्यातूनही कॅल्शियम-मॅग्नेशियम पुढे गेलं, की मळमळ, डोकेदुखी, वाढलेलं बीपी, तेही त्या पाळीतल्या सगळ्यांना एकदम. पाणी शुद्ध करायला तुरटी वापरतात, तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम वर्षानुवर्षं रक्तात जाऊन हाडं आणि मेंदू बिघडवतं. त्यासाठी रासायनिक तपासणी लागते. जिवाणू १०० पेक्षा कमी दर मिलिलिटरला आणि एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, ०.२५ युनिटपेक्षा कमी, अशी आज आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. नमुना टाकीजवळून नव्हे, लूपच्या शेवटच्या टोकाकडून घ्यायचा. पाणी जिथे रेंगाळतं तिथे जिवाणूंचा थर बसतो.

टँकरच्या पाण्याबद्दल एक आठवण जगभरातल्या केंद्रांनी ठेवली आहे. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात जलाशयातलं, नीट प्रक्रिया न झालेलं पाणी टँकरने एका डायलिसिस केंद्रात आलं. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. ५० हून अधिक रुग्ण दगावले. टँकर मागवावा लागला, तर तो कुठून भरला हे लिहून ठेवायचं आणि क्लोरीनची चाचणी टँकर रिकामा केल्यावर पुन्हा करायची.

तुम्ही अभियंता आहात. क्लोरीन चाचणीची वही दाखवायला सांगा. पाने एकाच शाईत, एकाच हाताने, सगळीकडे ‘ओके’ अशी भरलेली असतील तर काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको.

डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात. हे बरोबर आहे का? — पंचवटी

नीट केलं तर चालतं. त्यावर त्याच पेशंटचं नाव आणि कितवा वापर हे लिहिलेलं हवं, आणि दोन माणसांनी ते मोठ्याने वाचून ताडून पाहावं. धुतल्यावर आतल्या नळ्यांचं आकारमान मोजतात. नव्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं तर फेकायचं. जोडण्यापूर्वी जंतुनाशक उरलं नाही ना, याची पट्टी लावून खात्री करायची. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचा डायलायझर पुन्हा वापरू नये, मशीन आणि खोलीही वेगळी हवी. लस सगळ्यांनी घ्यावी. डायलिसिसवर नेहमीच्या लशीचा डोस प्रत्येक वेळी दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. असे चार डोस ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० च्या वर गेल्या का ते तपासा. ही तपासणी हमखास राहून जाते.

एचडीएफ मशीनवर (यात डायलिसिसबरोबर रक्तातला बराच द्रव काढून त्याजागी नवा भरतात) जास्त पैसे घेतात. फायदा आहे का? — इंदिरानगर

आहे, अटींसह. २०२३ मध्ये युरोपातल्या १३६० रुग्णांवरचा कन्व्हिन्स नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या पडद्याचं, डायलिसिस घेणाऱ्यांच्या तुलनेत एचडीएफ घेणाऱ्यांत मृत्यू कमी आढळले. पण तिथे दर बैठकीत निदान २३ लिटर द्रव बदलण्याचं लक्ष्य होतं, त्यासाठी रक्ताचा वेग साधारण ३५० च्या आसपास लागतो आणि पाणी अतिशुद्ध. २०० च्या वेगाने, बारीक सुईवर एचडीएफ लावलं तर नावापुरतंच. आठवड्यातून दोनदा एचडीएफ परवडत असेल, तर त्याच पैशांत तीनदा साधं डायलिसिस चार-चार तास घ्या. आधी ते, मग हे.

वय २९. डायलिसिस सुरू झालं. किडनीसाठी नाव आत्ताच नोंदवायचं का? — देवळाली कॅम्प

लगेच. नाशिक जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राखाली येतो. नोंदणी मान्यताप्राप्त प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत होते. घरात दाता असेल तर तपासण्या समांतर सुरू करा. हिमोग्लोबिन कमी झालं म्हणून रक्त चढवणं शक्य तितकं टाळा, त्याने पुढे किडनी जुळणं अवघड होतं. लोह आणि एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं इंजेक्शन) यांवर हिमोग्लोबिन १० ते ११.५ मध्ये ठेवतात.

सुरगाण्याहून आठवड्यातून तीनदा नाशिकला येणं जमत नाही. मजुरी बुडते. काही दुसरा मार्ग? — एक वाचक

पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, तुमच्यासाठीच आहे. पोटात मऊ नळी बसवतात. दोन लिटरची पिशवी आत सोडायची, चार-सहा तासांनी काढून नवी. दिवसाला तीन-चार वेळा, घरीच. एका बदलाला अर्धा तास. लागतं काय? बंद होणारी स्वच्छ खोली, साबण, मास्क, पिशव्या ठेवायला कोरडी जागा आणि शिकलेला एक माणूस. बदल चालू असताना पंखा बंद, कोंबडी-मांजर बाहेर. निघालेलं पाणी दर वेळी उजेडात धरून पाहायचं; पिशवीमागचा छापील मजकूर वाचता येत नसेल इतकं ते गढूळ असलं किंवा पोटात दुखलं, तर संसर्ग. ती पिशवी न फेकता सोबत घेऊन त्याच दिवशी या.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मशीनचं डायलिसिस नोंदणीकृत रुग्णालयात मोफत होतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय झाली आहे. सीएपीडीच्या पिशव्या कोणत्या योजनेत बसतात आणि दरमहा किती मिळतात, हे नळी बसवण्याआधी लेखी घ्या. नळी बसल्यावर पिशव्यांसाठी धावाधाव नको.

२०२७ च्या सिंहस्थात रस्ते बंद असतील, तेव्हा काय? — रामकुंडाजवळचे एक रहिवासी

पर्वणीच्या तारखा पाहून आपल्या केंद्राशी महिनाभर आधी बोला. बैठक आदल्या दिवशी ओढून घ्या, पुढे ढकलू नका. केंद्राचं पत्र, पाळीचा दिवस-वेळ लिहिलेलं, बंदोबस्तावरच्या पोलिसांना दाखवायला सोबत असू द्या. गाडी अडली आणि बैठक चुकलीच, तर तेवढे दिवस पाणी अर्ध्या लिटरवर, मीठ जवळजवळ शून्य, फळं बंद, आणि पोटॅशियम बांधणारी पावडर डॉक्टरांना विचारून घरात आधीच आणून ठेवलेली.